आजाराला नाव देण्याचे मोल

मुलाची वाढ खुंटली आहे, पाय धनुष्यासारखे वाकले आहेत, चालताना ते डुलते, अशी तक्रार घेऊन आईबाप तालुक्याच्या रुग्णालयात येतात, तेव्हा त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते : मुडदूस असेल, कॅल्शियम द्या, ‘ड’ जीवनसत्त्व द्या, कोवळ्या उन्हात बसवा. ज्या देशात कुपोषण अद्याप घराघरांतून हद्दपार झालेले नाही, तेथे हे उत्तर पुष्कळदा बरोबरही असते. त्यामुळे ते देणाऱ्या डॉक्टरला दोष देण्याचे कारण नाही. परंतु अशा मुलांमध्ये काही मुले अशी असतात की, त्यांच्या बाबतीत हे उत्तर साफ चुकीचे ठरते. त्यांच्या हाडांचा दोष आहारात नसून आनुवंशिक घडणीत असतो. दुर्दैव असे की, एकदा दिलेले चुकीचे उत्तर वर्षानुवर्षे त्या मुलाचा पिच्छा सोडत नाही. बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या होतात, डॉक्टर बदलतात, मूल दहा-बारा वर्षांचे होते आणि त्याला नेमके काय झाले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. या अवस्थेला केवळ नशीब म्हणून स्वस्थ बसणे आता योग्य नव्हे. कारण या आजारांना नावे देण्याचे, त्यांची जात ओळखण्याचे शास्त्र गेल्या अर्धशतकात फार पुढे गेले आहे आणि त्याची पहिली साधने मुळीच महाग नाहीत.

मनुष्याचा सांगाडा प्रथम बहुतांशी कूर्चेचा असतो व मग त्याचे हाड होत जाते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. मुलाची उंची वाढते ती या चकतीतील पेशी रांगेने वाढून, फुगून, शेवटी हाडाला जागा करून देतात म्हणून. या कामात शेकडो जनुकांचा हात असतो. त्यांतील एखाद्यात दोष निर्माण झाला की, कोठे हातपाय आखूड राहतात, कोठे मणके चपटे होतात, कोठे हाड काचेसारखे ठिसूळ होते, तर कोठे दगडासारखे घट्ट होऊन आतील मज्जेला जागाच उरत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा ७७१ विकारांची ४१ गटांत नोंद आहे आणि त्यांच्याशी संबंधित ५५२ जनुके ओळखली गेली आहेत. यांतील एकेक विकार दुर्मिळ खरा; परंतु दुर्मिळ या शब्दाने आपली फसगत होऊ देता कामा नये. सर्वांत परिचित असा अ‍ॅकोन्ड्रोप्लेजिया हा विकार वीस ते तीस हजार जन्मांमागे एका मुलाला होतो. ज्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात, तेथे या एकाच विकाराची जवळजवळ हजार मुले दरवर्षी जन्माला येतात, असा हिशेब सहज मांडता येतो. उरलेले शेकडो विकार निराळेच.

या वर्गीकरणाचा इतिहास बोधप्रद आहे. ज्यूल पारो या फ्रेंच वैद्याने १८७८ मध्ये ‘अ‍ॅकोन्ड्रोप्लेजिया’ हे नाव दिले, तेव्हापासून पाऊणशे वर्षे आखूड हातापायांचे कोणतेही मूल या एकाच खात्यात जमा होत राहिले. ज्यांचे खोड आखूड, त्यांच्यासाठी आणखी एक-दोन खाती होती. मॉर्कियोचा आजार त्यांतलाच. उरुग्वेतील मॉर्कियो आणि इंग्लंडमधील ब्रेल्सफर्ड या दोघांनी तो १९२९ या एकाच वर्षी वेगवेगळा वर्णिला. पुढे पॅरिसमधील पिएर मारोतो व मॉरिस लामी यांनी ही खाती पुन्हा तपासावयास घेतली. १९५९ मध्ये त्यांनी असे दाखविले की, काही मुले जन्मतः अगदी सर्वसाधारण दिसतात, चेहराही नेहमीसारखा असतो आणि चालू लागल्यावरच त्यांच्या पायांतील दोष ध्यानात येतो. हा अ‍ॅकोन्ड्रोप्लेजिया नव्हे, त्याचा तोतया होय. पुढल्याच वर्षी त्यांनी वाकडी पावले आणि बाहेर वळलेला अंगठा असलेल्या मुलांचा आणखी एक गट वेगळा काढला. १९६९ मध्ये पॅरिस येथेच तज्ज्ञांची बैठक भरून या विकारांच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी तयार झाली. तेव्हापासून ती वारंवार सुधारली जात आहे. ज्या यादीत सुरुवातीला केवळ डोळ्यांना दिसणारी आणि क्ष-किरण चित्रात उमटणारी लक्षणे होती, तिच्यात आज विकाराच्या नावासमोर त्याचे जनुकही लिहिले जाते.

येथे असे विचारता येईल की, ही केवळ पंडितांची वर्गवारीची हौस नाही काय? तसे नाही, हे त्याच इतिहासावरून सिद्ध होते. जर्मन बालरोगतज्ज्ञ युर्गेन श्प्रांगर यांनी १९८० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, ज्या विकारांची क्ष-किरण चित्रे एकमेकांसारखी दिसतात ते एकाच कुटुंबातील समजावेत, कारण त्यांचे मूळ कारणही बहुधा एकच असेल. त्या वेळी जनुके हाती आलेली नव्हती. जेव्हा ती आली, तेव्हा हे अनुमान अनेक कुटुंबांच्या बाबतीत खरे ठरले. १९९४ मध्ये अ‍ॅकोन्ड्रोप्लेजियाचे जनुक सापडले. वाढीला लगाम घालणारे ते जनुक आहे आणि त्यातील दोषामुळे लगाम गरजेपेक्षा जास्त ओढला जातो. त्याच जनुकातील निराळ्या दोषांमुळे एका बाजूस उंची थोडी कमी राहणारा सौम्य विकार होतो, तर दुसऱ्या बाजूस नवजात अर्भकाचा प्राण घेणारा भयंकर विकार होतो. डोळसपणे केलेले वर्गीकरण हे अशा रीतीने शोधाचे पहिले पाऊल ठरले. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड सायलेन्स यांनी १९७९ मध्ये ठिसूळ हाडांच्या विकाराचे चार प्रकार पाडले. एक सौम्य, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणारा. दुसरा जन्माच्या सुमारास घातक. तिसरा वर्षागणिक हाडे वाकवीत नेणारा. आणि चौथा मधला. पुढे या विकाराची अनेक नवी जनुके सापडली, तरी रुग्णाच्या उशाशी उभा राहणारा डॉक्टर आजही याच चार प्रकारांच्या भाषेत विचार करतो. कारण ‘हे मूल जगेल काय, चालेल काय’ या आईच्या प्रश्नाचे उत्तर त्या भाषेत देता येते.

तरीही दुसरा आक्षेप राहतोच. यांतील बहुतेक विकारांवर पूर्ण इलाज नाही. मग नाव समजून उपयोग काय? हा आक्षेप वरवर पाहता व्यवहारी वाटतो, परंतु तो टिकत नाही. मुडदुसाचेच उदाहरण घेऊ. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने झालेला मुडदूस योग्य औषधाने काही आठवड्यांत भरून येऊ लागतो आणि ते क्ष-किरण चित्रात दिसते. परंतु ज्या मुलाच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाते, त्याचा आनुवंशिक मुडदूस नेहमीच्या औषधाने हटत नाही, हे अमेरिकेतील फुलर ऑलब्राइट यांनी १९३७ मध्येच दाखविले होते. अशा मुलाला फॉस्फेट द्यावे लागते आणि जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप द्यावे लागते. ते न ओळखता नेहमीचेच औषध वाढवीत गेल्यास पाय तर सरळ होत नाहीतच, उलट रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका निर्माण होतो. निदानासाठी लागते काय, तर रक्तातील फॉस्फेटची एक साधी तपासणी. ती करण्याचे कोणाला सुचत नाही, एवढेच.

दुसरे उदाहरण आपल्या देशाला अधिक जवळचे आहे. तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान बोटांचे सांधे जाड होऊ लागतात, गुडघे व खुबे आखडतात. पाहणाऱ्यास हा लहान मुलांचा संधिवात वाटतो. परंतु रक्तात दाहाची खूण नसते, आणि पाठीच्या कण्याचे चित्र काढले तर मणके चपटे दिसतात. हा संधिवात नव्हे. कूर्चेचा आनुवंशिक विकार होय. त्याचे जनुक १९९९ मध्ये सापडले आणि भारतीय कुटुंबांत तो बऱ्याच संख्येने आढळतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. अशा कित्येक मुलांना संधिवाताची कडक औषधे, प्रसंगी स्टेरॉइडे, दीर्घकाळ दिली गेली आहेत. त्यांचा लाभ शून्य. हानी मात्र खरी. कण्याचे एक चित्र वेळीच काढले असते तर ही औषधे टळली असती. मॉर्कियोच्या आजारात मानेचा वरचा सांधा सैल असतो. हे ठाऊक नसताना एखाद्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी भूल देताना मान मागे वळविली, तर मज्जारज्जूवर दाब येऊन जन्माचे अपंगत्व येऊ शकते. अ‍ॅकोन्ड्रोप्लेजियाच्या अर्भकात कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असते, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत त्याच्या श्वासाकडे व झोपेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. बरे करता येत नाही म्हणून सांभाळताही येत नाही, असे थोडेच आहे? आणि ठिसूळ हाडांच्या मुलांना बिस्फॉस्फोनेट गटातील औषधाने लाभ होतो, हे मॉन्ट्रियल येथील डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिल्यापासून ‘इलाजच नाही’ हे वाक्यही पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

परंतु नावाचे सर्वांत मोठे मोल आहे ते पुढल्या अपत्याच्या प्रश्नात. आपल्या समाजात असे मूल जन्मले की प्रथम आईकडे बोट दाखविले जाते. तिने ग्रहणात भाजी चिरली, तिने अमुक खाल्ले, तमुक पाहिले. शास्त्र याचे जे उत्तर देते ते प्रत्येक विकारागणिक निराळे आहे, आणि म्हणूनच विकाराचे नाव कळणे अगत्याचे आहे. अ‍ॅकोन्ड्रोप्लेजियाच्या दहांतील आठ मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. दोष त्या मुलात नव्यानेच उद्भवलेला असतो आणि बापाच्या वाढत्या वयाशी त्याचा संबंध आढळतो. अशा जोडप्याला पुढचे मूल तसेच होण्याची शक्यता अत्यल्प असते. त्यांना ‘आता मूल होऊ देऊ नका’ असे सांगणे म्हणजे अज्ञानातून केलेला अन्यायच होय. उलट, दोन्ही पालकांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होणाऱ्या विकारात प्रत्येक गरोदरपणी चारांत एक एवढी शक्यता असते. तेथे ‘काही होत नाही, पुढचे मूल चांगले होईल’ असा दिलासा देणे हीही फसवणूकच. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत आजही आहे. या दुसऱ्या प्रकारच्या विकारांचा संभव अशा विवाहांत वाढतो, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. मात्र प्रत्येक अस्थिविकाराचे खापर नात्यातील लग्नावर फोडणे हेही तितकेच अशास्त्रीय आहे. कोणते उत्तर कोणाला लागू, हे निदानावाचून ठरत नाही.

चुकीच्या जागी कारण शोधले म्हणजे काय होते, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात सापडते. शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील हंदिगोडू या गावाच्या परिसरात १९७० च्या दशकाच्या मध्यास अनेक गरीब शेतमजूर कुटुंबांत खुबे व गुडघे दुखून माणसे अपंग होऊ लागल्याचे उघडकीस आले. आरंभी संशय गेला तो भातशेतीत फवारलेल्या कीटकनाशकांवर आणि त्या शेतांतील खेकडे खाण्यावर. तो संशय अस्वाभाविक नव्हता. परंतु पुढे कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या गेल्या, सांगाड्याची चित्रे पद्धतशीर पाहिली गेली, तेव्हा हा मणक्यांचा व सांध्यांच्या टोकांचा आनुवंशिक विकार असून तो पिढीकडून पिढीकडे उतरतो, असा निष्कर्ष निघाला. वंशावळ आणि क्ष-किरण चित्र या दोन साध्या साधनांनी प्रश्न योग्य जागी आणून ठेवला. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत पाण्यातील फ्लोराइडमुळेही हाडे वाकतात. तेथे याच्या उलट सावधगिरी हवी : पाण्याचा दोष असता तो वंशाच्या माथी मारला जाऊ नये. वर्गीकरणाचा खरा उपयोग हाच आहे की, ते कारणांची गल्लत होऊ देत नाही.

मग निदान करावयाचे कसे? त्याची सुरुवात मापपट्टीने होते. नुसती उंची मोजून भागत नाही. बसलेल्या मुलाची उंची, पायांची लांबी आणि पसरलेल्या हातांची लांबी हीही मोजली पाहिजेत. कुपोषणाने खुरटलेले मूल सर्व बाजूंनी सारखेच लहान असते. अस्थिविकाराचे मूल बहुधा प्रमाणात बिघडलेले असते. हातपाय आखूड की खोड आखूड, हे पाहताच शेकडो विकारांची यादी निम्म्यावर येते. त्यानंतर संपूर्ण सांगाड्याची चित्रे लागतात : कवटी, कण्याची समोरून व बाजूने, कंबर, लांब हाडे, गुडघा आणि हाताचा पंजा. एकट्या गुडघ्याच्या चित्रावरून निदान करणे हे पुस्तकाचे एक पान वाचून अभिप्राय देण्यासारखे आहे. आणि येथेच सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ज्या खुणांवरून विकार ओळखावयाचा, त्या पुष्कळशा वाढीच्या चकतीभोवती असतात, आणि वयात आल्यावर ती चकती हाडात विरून गेली की त्या खुणाही पुसल्या जातात. विशीतील रुग्णाचे चित्र पाहून जे सांगता येत नाही, ते त्याच्याच पाचव्या वर्षीच्या चित्रावरून सहज सांगता येते. म्हणून लहानपणाची क्ष-किरण चित्रे ही जमिनीच्या सातबाऱ्याप्रमाणे जपून ठेवण्याची वस्तू आहे. ती घरातल्या आवराआवरीत रद्दीत जातात किंवा रुग्णालयाच्या दप्तरात हरवतात, तेव्हा त्या कुटुंबाचा पुरावाच नाहीसा होतो.

जनुकांची तपासणी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त व सुलभ झाली असल्याने, चित्रांची ही यातायात कशाला, असेही काहींना वाटते. हा भ्रम आहे. प्रत्येक माणसाच्या जनुकांत असंख्य भेद असतात. त्यांतील कोणता भेद रोगाचा आणि कोणता निरुपद्रवी, हे प्रयोगशाळेला पुष्कळदा सांगता येत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारलेला अहवाल घेऊन पालक परततात, ते पहिल्यापेक्षा अधिक गोंधळलेले असतात. त्या भेदाचा अर्थ लावावयास रुग्णाची मापे व चित्रे लागतात. ती आधी, जनुक नंतर, हा क्रम उलटवून पैसे मात्र वाया जातात.

शासनाने काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने दुर्मिळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये उपचारासाठीच्या साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविली. नियुक्त केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे, आणि ठिसूळ हाडांवरील औषधोपचाराचा त्या धोरणात नावानिशी समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठेंगणेपणाला दिव्यांगत्वात स्थान दिले. परंतु या सर्व सवलतींच्या दारावर निदानाचे कुलूप आहे. ज्या आजाराला नाव नाही, त्याच्यासाठी अर्ज कोणत्या रकान्यात भरावयाचा? कायद्याची व्याख्या प्रौढपणीच्या १४७ सेंटिमीटर उंचीवर आधारलेली आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या कामी ती कशी यावी? २०१३ पासून चाललेल्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते. त्यातील आजारांच्या यादीत मुडदूस आहे, वाकडी पावले आहेत; आनुवंशिक अस्थिविकारांचा वेगळा रकाना नाही. साहजिकच अशी मुले मुडदूस किंवा कुपोषण या खात्यांतच नोंदली जातात.

यावर उपाय अवघड नाहीत. तपासणी पथकाच्या तक्त्यात बसलेल्या उंचीचा व हातांच्या लांबीचा एक रकाना वाढवावा. औषध देऊनही तीन महिन्यांत चित्रात सुधारणा न दिसणाऱ्या मुडदुसाच्या प्रत्येक मुलाला पुढे पाठविण्याचा नियम करावा. जिल्हा रुग्णालयात संपूर्ण सांगाड्याची चित्रे एका ठरावीक पद्धतीने काढून ती तज्ज्ञांकडे पाठवावीत; चित्रे आता संगणकावर क्षणात जातात, रुग्णाला मुंबईस हेलपाटे घालावे लागण्याचे कारण नाही. आणि त्या चित्रांची एक प्रत कुटुंबाच्या हाती द्यावी. याला नवे रुग्णालय लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त आणि थोडे प्रशिक्षण. दारिद्र्य व साथीचे रोग असताना मूठभर मुलांसाठी एवढे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी या खर्चाची तुलना वर्षानुवर्षांच्या निरुपयोगी औषधांशी, पालकांच्या बुडालेल्या मजुरीशी आणि टाळता आलेल्या अपंगत्वाशी करून पाहावी.

यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. वर्गातील प्रत्येक मुलाला वर्षानुवर्षे सलग पाहणारा, घराबाहेरचा असा माणूस शिक्षकच. कोण वाढत नाही, कोण जिना चढताना कठड्याला धरते, कोणाचे हाड वर्षात दुसऱ्यांदा मोडले, हे त्याच्या नजरेस प्रथम पडते. या मुलांपैकी बहुतेकांची बुद्धी उत्तम असते. त्यांना मागच्या बाकावर बसवून विसरणे अथवा हाड मोडेल या भीतीने शाळेतून काढणे हे दोन्ही सारखेच अनुचित. आणि चिडविण्यासाठी त्यांना बहाल केली जाणारी नावे वर्गात चालू न देणे हेही शिक्षकाचेच काम. समाजाने या मुलांना आजवर पुष्कळ नावे ठेवली. त्यांच्या आजाराचे खरे नाव शोधून काढण्याचे कर्तव्य मात्र राहून गेले. ते पार पाडावयास आता ज्ञानाची सबब पुढे करता येणार नाही.